४० टक्के कशाचे? व्हेटरनरीच्या पोरांनी आपला रिसर्च प्रेझेंट कसा करायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एमव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला असताना माझं पहिलं ओरल प्रेझेंटेशन झालं, विषय होता संकरित गायींमधला छुपा कासदाह, म्हणजे कास सुजलेली नाही, दूध वरून चांगलं दिसतंय पण आत पेशी वाढलेल्या. ८ मिनिटं मी धडाधड बोललो, शेवटी थँक्यूच्या स्लाइडवर सूर्यास्त आणि बैलजोडी टाकली होती, आणि मागच्या रांगेतल्या एका वयस्कर सरांनी एवढंच विचारलं, "बाळा, ते ४० टक्के कशाचे? गायींचे का सडांचे?" आणि मला सांगता येईना. सॅम्पल मीच घेतलेले, पहाटे ५ ला उठून धारेच्या वेळी गोठ्यात जाऊन, लाथा पण मीच खाल्ल्या, पण एक्सेलमध्ये भरता भरता गायी आणि सड कधी एकत्र झाले ते माझं मलाच कळलं नव्हतं.

त्यानंतर ज्युनिअर पोरांची बरीच प्रेझेंटेशनं बघितली, दुरुस्त केली, काहींना रडताना पण बघितलं. बहुतेकांची चूक पॉवरपॉइंटची नसते, इंग्रजीची पण नसते. आकडा कशातून आलाय तेच सांगता येत नाही. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतोय. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, अकोला, कुठलंही कॉलेज असू द्या, सेमिनार असो, विद्यापीठांच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेची फेरी असो, एखाद्या सोसायटीची वार्षिक कॉन्फरन्स असो नाहीतर थिसिसची व्हायव्हा, कामाचा क्रम तोच राहतो.

पायरी १: लॅपटॉप उघडू नका, वही घ्या

एका पानावर फक्त मोजणी लिहायची. मी माझ्याच विषयाचं उदाहरण देतो, आकडे समजा म्हणून घेतलेत. १२ गोठे, ६० दुभत्या गायी. सड किती? २४० म्हणाल. पण त्यात ४ गायी तीन सडाच्या निघाल्या, एकेक सड आधीच बंद पडलेला, म्हणजे तपासलेले सड २३६. सीएमटीला, म्हणजे दुधातल्या वाढलेल्या पेशी ओळखणाऱ्या कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्टला, पॉझिटिव्ह आले ५९ सड. निदान एक सड पॉझिटिव्ह असलेल्या गायी २७. आता बघा, सडांच्या हिशोबाने ५९ भागिले २३६ म्हणजे २५ टक्के, गायींच्या हिशोबाने २७ भागिले ६० म्हणजे ४५ टक्के. दोन्ही बरोबर आहेत! पण स्लाइडवर नुसतं "प्रमाण ४५ टक्के" लिहिलं आणि पुढच्या स्लाइडला २५ आलं की ऐकणारा तिथेच सुटतो, आणि परीक्षक तिथेच पकडतो.

याच पानावर खाली लिहायचं की कुठल्या गायी घेतल्या नाहीत आणि का. सीएमटी करताना नुकतीच व्यायलेली गाय घेतली तर चिकाच्या दिवसांत तसाही पॉझिटिव्ह येऊ शकतो, आटत आलेल्या गायीत पण पेशी वाढलेल्या असतात. मग तुम्ही त्या वगळल्या का? किती वगळल्या? हे पान लॅमिनेट करून ठेवलं तरी चालेल, व्हायव्हापर्यंत कामाला येतं.

आणि जनावरं आली कुठून हे पण. टीव्हीसीसीच्या, म्हणजे कॉलेजच्या जनावरांच्या दवाखान्याच्या ओपीडीला आलेल्या जनावरांवर काम केलं असेल तर ती आजारी म्हणूनच आलेली असतात, मालकाने गाडीभाडं खर्च करून आणलेली. त्यांच्यातलं प्रमाण काढून "तालुक्यात एवढा आजार आहे" असं म्हणता येत नाही. "आमच्याकडे आलेल्या केसेसमध्ये एवढा" असं म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. प्रिव्हलन्स आणि इन्सिडन्स पण इथेच ठरवून टाका. एकदाच जाऊन तपासलं, तेव्हा जेवढी जनावरं बाधित सापडली तो प्रिव्हलन्स. निरोगी कळप काही महिने बघत बसलात आणि नवीन केसेस मोजल्या तर तो इन्सिडन्स. एका फेरीत सॅम्पल घेऊन इन्सिडन्स लिहिणारी पोरं दरवर्षी भेटतात.

पायरी २: एक वाक्य, तेही मराठीत

स्लाइड इंग्रजीतच असणार, ठीक आहे. पण आधी आईला किंवा मेसच्या काकूंना सांगता येईल असं एक वाक्य मराठीत करा. "वरून चांगल्या दिसणाऱ्या ६० गायी तपासल्या, त्यातल्या २७ गायींच्या निदान एका सडात दोष निघाला, आणि जिथे धारेनंतर सड औषधात बुडवत नाहीत तिथे जास्त निघाला." झालं. एवढंच तुमचं प्रेझेंटेशन. बाकी सगळं या वाक्याला आधार देण्यासाठी आहे, आणि जी स्लाइड आधार देत नाही ती काढायची. हे वाक्य होत नसेल तर प्रेझेंटेशन करायला बसू नका, गाईडकडे जाऊन बसा.

पायरी ३: ॲबस्ट्रॅक्ट

आयोजक शब्दमर्यादा देतात, बहुतेक वेळा २५०-३०० शब्द. पहिली ओळ "भारत हा जगातला सगळ्यात मोठा दूध उत्पादक देश आहे" अशी नको. खरी आहे, पण तुमच्या आधीच्या वीस जणांनी तीच लिहिलेली असते. थेट प्रश्नावर या. मग किती जनावरं, कुठली जात, कुठला भाग, कुठली टेस्ट. मग आकडे, प्रत्येक आकड्यासोबत किती पैकी किती. मग एकच निष्कर्ष. "रिझल्ट्स विल बी डिस्कस्ड" हे वाक्य म्हणजे रिझल्ट अजून आले नाहीत असा अर्थ होतो, सगळ्यांना कळतो.

टायटलमध्ये जात आणि भाग येऊ द्या. "शेळ्यांमधील जंत" आणि "उस्मानाबादी शेळ्यांमधला हिमाँकसचा प्रादुर्भाव, पावसाळ्यातला" यात दुसऱ्याला लोक थांबून वाचतात.

पायरी ४: स्लाइड

८ मिनिटं बोलायचं आणि २ मिनिटं प्रश्न असं असेल तर ८ ते १० स्लाइड, त्याच्यावर नाही. माझी वाटणी अशी असते: टायटल, प्रश्न काय होता, जनावरं आणि टेस्ट यासाठी दोन, रिझल्टला तीन-चार, मर्यादा अर्धी स्लाइड, निष्कर्ष एक. पोरं उलटं करतात, प्रस्तावनेला पाच स्लाइड, त्यात आजाराची व्याख्या, इतिहास, जंतूचं वर्गीकरण, आणि रिझल्टला आले की बेल वाजते. समोर बसलेले सगळे व्हेट आहेत रे, त्यांना कासदाह म्हणजे काय ते माहितीये.

मेथडमध्ये मात्र कंजुषी नको, पण पाठ्यपुस्तक पण नको. सीएमटीचंच घ्या. ती १९५७ पासून वापरात आहे, पॅडलच्या चार कपांत चार सडांचं दूध घ्यायचं, तेवढंच रिएजंट टाकायचं, गोल फिरवायचं आणि लगेच वाचायचं. त्यातला डिटर्जंट पेशी फोडतो, आतला डीएनए बाहेर पडतो आणि दूध जेलीसारखं होतं. हे सांगायला २ वाक्यं पुरतात. पण तुम्ही काय केलं ते सांगा: पहिल्या धारा सोडल्या का, स्कोअर कितीपासून पॉझिटिव्ह धरला, ट्रेस, म्हणजे अगदी पुसट रिॲक्शन, कशात टाकला, स्कोअर वाचणारा एकच माणूस होता का रोज वेगळा. ट्रेस पॉझिटिव्हमध्ये टाकला की तुमचं प्रमाण एकदम वर जातं, म्हणून ते आधीच बोलून टाकलेलं बरं. सोमॅटिक सेल काउंट (दुधातल्या पेशींची मोजणी) केला असेल तर मिलीलीटरला २ लाख पेशींची रेषा वापरली का दुसरी कुठली, ते पण.

फॅमाचा कार्ड वापरून शेळ्या-मेंढ्यांचं काम केलं असेल तर असंच, ५ रंगांपैकी कुठल्या रंगापासून औषध दिलं ते स्लाइडवर पाहिजे. आणि हे कार्ड डोळ्याच्या आतल्या रंगावरून रक्तक्षय ओळखतं, म्हणजे हिमाँकससारख्या रक्त पिणाऱ्या जंताला उपयोगी, सगळ्या जंतांना नाही, हा प्रश्न हमखास येतो.

पायरी ५: आकडे आणि ग्राफ, इथे जरा वेळ घालवा

४५ टक्के म्हणताना त्याची रेंज पण म्हणा. ६० पैकी २७ म्हणजे ४५ टक्के, पण ९५ टक्क्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ३२ ते ५८ येतो. आणि १० पैकी ४ गायी असतील तर? ४० टक्के दिसतात छान, पण खरी रेंज साधारण १२ ते ७४, म्हणजे काहीच कळलं नाही असं म्हटलं तरी चालेल. छोटा नमुना असणं हा गुन्हा नाही, आपल्याकडे पैसा आणि गाडी दोन्हीची बोंब असते, पण छोट्या नमुन्यावर मोठं बोलू नका. टेबलच्या एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की काय-स्क्वेअर ऐवजी फिशरची टेस्ट लावा, सॉफ्टवेअर सांगतं पण पोरं वॉर्निंग वाचत नाहीत.

आता सडांचं. एकाच गायीचे चार सड म्हणजे चार वेगळे साक्षीदार नव्हेत, एकाच घरातली चार माणसं आहेत. गोठा तोच, धार काढणारा तोच, गायीची प्रतिकारशक्ती तीच. म्हणून २३६ सड म्हणजे २३६ स्वतंत्र नमुने असं धरून पी व्हॅल्यू (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली तर ती खोटी छान येते. शक्य असेल तर गाय हे एकक धरा, नाहीतर स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे जाऊन गाय आणि गोठा दोन्ही हिशोबात घेणारं मॉडेल करून घ्या. डेटा गोळा करायच्या आधी गेलात तर मॅडम चहा पाजतील, सगळं झाल्यावर गेलात तर बोलणी खाल.

अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटीवर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. समजा १४ गायींकडून २० आयसोलेट (दुधातून वेगळे काढलेले जंतू) मिळाले आणि त्यातले १० एखाद्या औषधाला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारे, निघाले, तर ५० टक्के आयसोलेट रेझिस्टंट झाले, ५० टक्के गायी नव्हे. आणि इंटरमीजिएट, म्हणजे धड इकडे ना तिकडे, आलेले कुठे टाकले?

ट्रीटमेंट ट्रायल असेल तर आपली ती ठरलेली पद्धत, प्रत्येक ग्रुपमध्ये ६ जनावरं आणि मीन (सरासरी) प्लस-मायनस एसई (स्टँडर्ड एरर). परंपरा आहे, थिसिसमध्ये तसंच द्यावं लागेल, मी काही बंड करा म्हणत नाही. पण लक्षात ठेवा, एसई म्हणजे एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, जनावराजनावरांतला फरक) भागिले संख्येचं वर्गमूळ, ६ जनावरं असतील तर एसई हा एसडीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणून ग्राफवरच्या त्या छोट्या काड्या बघून सगळी जनावरं एकसारखी बरी झाली असं वाटतं. ग्राफखाली एसई का एसडी ते लिहा. ६ च जनावरं आहेत तर सहाही ठिपके दाखवा ना, त्यातलं एक जनावर बरं झालंच नाही हे दिसू दे, चर्चा त्याच्यावरच रंगते.

थ्रीडी पाय चार्ट बंद करा. लाल-हिरवं शेजारी शेजारी नको, काही लोकांना त्यातला फरक दिसत नाही. वर्डमधला १२ ओळी ९ कॉलमचा टेबल स्क्रीनशॉट मारून स्लाइडवर चिकटवू नका, मागच्या रांगेला मुंग्या दिसतात. त्यातल्या ज्या दोन ओळींवर बोलणार त्याच टाका.

पायरी ६: परवानगी, फोटो, नावं

प्रयोग असेल तर संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी आणि तिचा क्रमांक. ही समिती ज्या देशपातळीवरच्या समितीच्या नियमांखाली चालते तिचं नाव आता सीसीएसईए आहे, जुन्या थिसिसमधून उचलून सीपीसीएसईए लिहिलं की लगेच कळतं कॉपी कुठून मारली. नुसते फील्डमधले सॅम्पल असतील तर मंजुरी लागते की नाही ते आपापल्या कमिटीला काम सुरू करायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मालकाची संमती मराठीतल्या कागदावर घ्या, काय करणार ते त्याला वाचून दाखवा.

फोटोत मालकाचा चेहरा, घराची पाटी, गाडीचा नंबर, आणि कानातला पिवळा बिल्ला, हे सगळं झाका. बिल्ल्यावर १२ अंकी नंबर असतो, त्यावरून जनावराची नोंद निघते आणि जनावरावरून माणूस. पोरं आजाराच्या गाठी नीट दिसाव्यात म्हणून झूम करतात आणि बिल्ला स्क्रीनभर येतो.

गावाचं नाव हा तर फारच नाजूक विषय. ब्रुसेलाचे (गाभ पाडणारा, माणसालाही होणारा आजार) पॉझिटिव्ह सापडले आणि स्लाइडवर गाव, वाडी, डेअरीचं नाव टाकलं, कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपला सोडला, तर उद्या त्या डेअरीचं दूध कुणी घेईना. २०२० च्या सुरुवातीला चिकनने कोरोना होतो या अफवेने पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं ते आपण बघितलंय, कोंबड्या फुकट वाटल्या लोकांनी. ब्रुसेला, लम्पी असे आजार २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत आहेत, त्याची खबर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यायचीच, ती वेगळी गोष्ट. स्लाइडवर "तालुका अ, गाव १, गाव २" एवढं पुरतं.

पायरी ७: पोस्टर असेल तर

साइज आयोजकांच्या पत्रातून घ्या, मित्राकडून नको. ए-झिरो म्हणाले तर ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर, आणि उभं का आडवं ते विचारा. पॉवरपॉइंटमध्ये हा साइज पहिल्याच मिनिटाला सेट करा, सगळं झाल्यावर बदललात तर गाय लांबट होते. टायटल ८०-९० पॉइंट, मजकूर २४-२८ च्या खाली नको. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला वापरू नका, तो दाबून छोटा झालेला असतो, मित्राला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

छापायला जाल तिथे शेजारच्या मशीनवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स निघत असतो, त्या दुकानदाराला तुमच्या जिवाणूंच्या नावाशी काही घेणंदेणं नाही. पीडीएफच न्या. मराठी मजकूर असेल तर युनिकोडमध्येच टाइप केलेला, नाहीतर श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमधला मजकूर त्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की भलतंच काहीतरी छापून येतं. जंतूचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, प्रजातीचं (जीनस) पहिलं अक्षर मोठं, जातीचं (स्पीशीज) लहान. मॅटऐवजी चकचकीत छापलं तर हॉलच्या ट्यूबलाइट पोस्टरवर दिसतात, रिझल्ट नाही. पोस्टरजवळ उभं राहून बोलायचं वाक्य पायरी २ मध्ये केलंच आहे, तेवढं बोला आणि थांबा, समोरचा विचारेल.

पायरी ८: तालीम आणि प्रश्न

मोबाइलवर टायमर लावून उभं राहून तीनदा बोला. मनातल्या मनात बोललेलं ८ मिनिटांचं प्रेझेंटेशन तोंडाने ११ मिनिटांचं होतं. एकदा दुसऱ्या डिपार्टमेंटच्या पोरांसमोर करा, मेडिसिनवाल्यांनी ॲनिमल न्यूट्रिशनच्या पोरांसमोर वगैरे, ते खरे प्रश्न विचारतात. फाइल पेनड्राइव्हवर, मेलवर, आणि पीडीएफ करून पण ठेवा. व्हिडिओ असेल, समजा लंगडणाऱ्या गायीची चाल, तर तो चालणारच नाही असं धरून दोन फोटो शेजारी ठेवा.

प्रश्न आला की आधी पूर्ण ऐका. "सर, ते आमच्या अभ्यासात बघितलं नव्हतं" हे पूर्ण उत्तर आहे. त्याच्यापुढे बनवून काही जोडू नका, विचारणाऱ्याने त्याच विषयावर पीएचडी केलेली असू शकते. हमखास येणारे प्रश्न असे: हीच संख्या का घेतली, कंट्रोल ग्रुप कुठला, टेस्ट चुकण्याची शक्यता किती, औषधाचा खर्च किती आणि दूध किती दिवस टाकायचं. शेवटच्या प्रश्नावर पोरं अडकतात. औषध दिल्यावरचा दुधाचा विथड्रॉवल पिरियड लेबलवर लिहिलेला असतो, तो पाठ पाहिजे. आणि गाईड समोर बसलेत म्हणून दर वाक्याला त्यांच्याकडे बघू नका, ते पण घाबरलेले असतात.

पायरी ९: डेअरीवर परत जा

ही पायरी कुठल्याच नियमात नाही, पण १२ गोठ्यांच्या मालकांनी धारेच्या वेळी तुम्हाला गायीजवळ बसू दिलंय, ते पण ऐन घाईत. मी गेलो तेव्हा संकलन केंद्रावर सकाळी कॅन घेऊन रांगेत उभी असलेली २५-३० माणसं, माझ्याकडे लॅपटॉप, आणि प्लगच नाही. प्लग असता तरी कुणी बघितलं नसतं. टक्के बोलू नका तिथे. "दर १० गायींत चार-पाच गायींना आतून दोष आहे" असं म्हणा. लगेच विचारतील, "मग फॅट लागंना ते यामुळंच का?" कासदाहाने दुधाचं प्रमाण आणि प्रत दोन्हीवर परिणाम होतो, पण फॅट कमी लागायला चारा, वेत, जात अशी दहा कारणं असतात, तर "त्यामुळं असू शकतंय, नक्की नाही" असंच सांगायचं, भले समोरचा नाराज होवो. पॅडल आणि रिएजंट घेऊन जा आणि तिथंच कुणाच्यातरी गायीचं दूध फिरवून दाखवा, दूध जेलीसारखं झालेलं डोळ्यांनी बघितलं की दहा स्लाइडचं काम होतं.

आणि प्रत्येक मालकाला एक चिठ्ठी द्या. वर गायीचं नाव, ते ज्या नावाने हाक मारतात ते, खाली चार गोल, पुढचे दोन, मागचे दोन, डावं-उजवं लिहिलेलं. दोष निघालेल्या सडाचा गोल भरलेला. मागच्या बाजूला दोन ओळी: दोष असलेली गाय शेवटी पिळायची, आणि धार झाल्यावर सड औषधात बुडवायचे. चिठ्ठी पेनाने लिहा, स्केचपेन ओल्या हाताने पसरतो.